पंपातलं पांढरं तेल

खोटं वाटत असेल तर लातुरात येऊन मल्लिनाथला विचारा. माझा सख्खा भाचा. मी थापा मारतो हे कबूल, पण तो मारत नाही. फ्रीज-एसी दुरुस्त करणारा सरळ माणूस.

गोष्ट गेल्या वेळ अमावस्येची. भर दुपारची.

त्या दिवशी काळ्या आईची पूजा करायला सगळं लातूर शेतात. दुकानं बंद, गल्ल्या ओस. मल्लिनाथही औशाच्या रस्त्याला लागणार, तेवढ्यात गल्लीतल्या नागाबाईंचा फोन आला. नवरा ग्यानोबा पहाटे गेलेला. दम्याचा जुना रोगी. मुलगी राजकन्या पुण्याहून निघालेली. अन् मंडळाची शवपेटी गारच होईना.

"मल्लू, पोरीला बापाचं तोंड नीट दिसू दे रे. एवढं कर."

बायको शिवकांता करवादली, "लोक भज्जी-अंबील घेऊन चालले, अन् तुम्ही पंप घेऊन!"

तो गेला.

घरात नागाबाई एकट्या. भाऊबंद अजून शेतातून यायचे होते. बाई रडत नव्हत्या. भिंतीला टेकून नुसत्या बघत होत्या.

मल्लिनाथने गळती शोधली, जोड पक्का केला. आता पेटीच्या नळ्यांतली हवा अन् ओल पंपाने ओढून काढायची, मगच गॅस भरायचा. पंप सुरू केला. दाबाचा काटा खाली जाईना. पंपाच्या काचेत बघितलं…

तेल ताकासारखं पांढरं.

म्हणजे तेलात पाणी शिरलेलं. त्याने गरम पंप कलता करून घाण तेल सोडलं. थोडं नवं घालून फिरवलं, तेही सोडलं. मग निम्म्या काचेपर्यंत ताजं भरलं. मधासारखं.

पुन्हा पेटीला जोडलं.

पुन्हा पांढरं.

पंपाचं तोंड बंद करून नुसताच फिरवला. तेल स्वच्छ. पेटीला जोडला की… पांढरं. तांब्याच्या बंद नळीत एवढी ओल कुठून यावी?

डब्यात शेवटचं तेल उरलं. तेही भरलं. आता संपलं तर गावात दुकान उघडं नव्हतं.

तेव्हा त्याचं लक्ष पेटीच्या झाकणाकडे गेलं.

काचेला आतून वाफ धरलेली. ग्यानोबांच्या तोंडाच्या बरोब्बर वर. पंप फिरला की विरायची. थांबला की… परत.

"काकू, डॉक्टरनं नीट बघितलं ना?"

"दोघांनी बघितलं."

त्याने झाकण उघडलं. हात लाकडासारखा ताठ. छातीला कान लावला.

काही नाही.

झाकण लावून त्याने पंप सुरू केला. नागाबाई सरकत पेटीजवळ आल्या, काचेतून नवऱ्याकडे बघत म्हणाल्या,

"अवो, सोडा आता. पोर यायलीय. किती ओढताव?"

अन् काटा सरसर खाली गेला.

मल्लिनाथने झटक्यात पंपाचं बटणच बंद केलं. खरं तर आधी व्हॉल्व्ह बंद करायचा असतो, नाहीतर रिकाम्या नळ्या पंपातलंच तेल माघारी ओढतात. हे नवशिक्यालाही ठाऊक असतं.

काचेतलं तेल गुळगुळ करत उतरलं…

सगळं.

नंतर व्हॉल्व्ह फिरवून त्याने नळी सोडवली. झटकली. कोरडी ठक्क.

गॅस भरला. पेटी गार झाली. काकू एकट्या, म्हणून तो थांबला.

दिवस कलताना राजकन्या आली. झाकण उघडलं. बापाचं तोंड झोपल्यासारखं शांत. ती वाकली, ओढणीने त्याच्या ओठांचा कोपरा पुसला.

"आई, बाबांच्या तोंडात काय घातलंस?"

"गंगाजळ. दुसरं काय घालणार?"

"तेलकट लागतंय गं."

ओढणीवर मधाच्या रंगाचा डाग होता. मल्लिनाथने वास ओळखला. हत्यारं गोळा केली अन् बाहेर पडला.

पंप अजून त्याच्याकडेच आहे. धुऊन-पुसून, नवं तेल भरून रोज वापरतो. परवा माझ्याकडे आला, पंप दारातच ठेवला. मग म्हणाला,

"मामा, त्या वेळी कोण ओढायलं होतं? पंप… का ग्यानोबाकाका?"