सतराव्या नंबरची खुर्ची

बसथांब्यावर हाडांची पेटी माझ्या हातातून निसटली, तेव्हा पाऊस आडवा येत होता. शिकागोतला सप्टेंबरचा पाऊस सरोवरावरून येतो आणि छत्रीला जुमानत नाही. पेटीची कडी उघडली आणि अर्धा माणूस फुटपाथवर सांडला. हाडं प्लास्टिकची होती... पण शेजारच्या आजीबाईंना ते कोण सांगणार? त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि भर पावसात पुढच्या थांब्याकडे चालू लागल्या.

एक उंच मुलगा मात्र डबक्यातच गुडघे टेकून हाडं गोळा करू लागला.

"ही बरगडी तुझीच ना?" त्याने एक वाकडं हाड पुढे केलं.

"बरगडी नाही ती. हासळीचं हाड आहे, गळ्याखालचं."

"अरे देवा!" त्याचा चेहरा खरोखरच उतरला. "आणि मी तुझ्याच वर्गात आहे."

तो आर्व्हो निएमेला. मिशिगनच्या अगदी उत्तर टोकाचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. मी हलिना गोर्स्की. आई-वडील पोलंडहून आलेले, आई हॉटेलातल्या खोल्या साफ करायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि आता डॉक्टरीच्या पहिल्या सत्रात. आई हे शेजारणींना दिवसातून दोनदा सांगायची.

ऑक्टोबरात शरीररचनेची पहिली प्रात्यक्षिक परीक्षा झाली. आर्व्हो नापास झाला. आमच्याकडे नियम साधा होता — या विषयात दोनदा नापास झालं की पहिल्या सत्रातच घरी जायचं.

"नावं टिकतच नाहीत गं," तो म्हणाला. आम्ही ग्रंथालयाच्या तळघरात बसलो होतो, मध्ये तीच पेटी. "मासा कापताना मला एका शिरेचं नाव माहीत नसतं. पण हात चुकत नाही."

"मग हातानेच शिक. डोळे मीट."

मी माझं कोपर त्याच्या तळहातात ठेवलं.

"इथे?"

"थोडं आत... आता दाब. हां — करंगळीपर्यंत झिणझिण्या आल्या. नाव सांग."

"अल्नर नर्व्ह," तो डोळे मिटूनच म्हणाला. "बरी आहे ही. दाबल्याशिवाय बोलत नाही. नाहीतर तू!"

"गप्प बस आणि मनगटावर ये."

त्याची बोटं अंगठ्याच्या बाजूने खाली सरकली आणि थांबली. दोरखंडांनी खरखरीत झालेली, पण आश्चर्य वाटावं इतकी हलकी बोटं...

"रेडियल आर्टरी. आणि ती फार जोरात चाललीय."

"जिने चढून आले ना मी."

"आपण तळघरात आहोत, हलिना. आणि तुला येऊन तासभर झाला."

मी हात काढून घेतला नाही.

नोव्हेंबरभर असंच चाललं. त्याने माझ्या खांद्यावर स्नायू शिकले, मी त्याच्या मानेवर. पहिला बर्फ पडला त्या संध्याकाळी थांब्यावर त्याने माझा मफलर नीट केला, आणि मफलरची टोकं सोडलीच नाहीत. बस आली, गेली. त्यानंतरची बसही आम्ही जाऊ दिली.

आणि नावं टिकू लागली! डिसेंबर उजाडेपर्यंत तो मला चुका दाखवायला लागला होता.

दुसरी परीक्षा घंटेची होती. मोठ्या दालनात नंबर लावलेल्या चाळीस जागा, तिथे टेबलं. देहदान केलेल्यांचे देह, कुठे नुसता हात, कुठे हृदय, आणि त्यात टोचलेली एक टाचणी. टाचणीखाली काय आहे ते त्या नंबरच्या ओळीत लिहायचं. दर मिनिटाला घंटा, की पुढचं टेबल. सतराव्या जागी टेबल नव्हतं, विश्रांतीसाठी नुसती एक खुर्ची होती. सतरावी ओळ कोरी सोडायची. बोलणं, खुणा करणं, दुसऱ्याचा पेपर पाहणं — यांपैकी काहीही केलं तर कॉलेजातून नाव कमी होऊ शकतं, हे आम्हाला आधी वाचून दाखवलं होतं.

आर्व्हो माझ्या एक जागा पुढे होता. तो खुर्चीवर बसला तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते आणि बोटं स्वतःच्याच दंडावर फिरत होती. घंटा झाली. तो अठराव्या टेबलाकडे गेला, मी खुर्चीवर बसले. मला एक मिनिट काहीच काम नव्हतं. समोर त्याची पाठ, आणि कमरेशी धरलेला पेपर थेट माझ्या डोळ्यांपुढे.

तो अठराव्याचं उत्तर सतराव्या ओळीत लिहीत होता.

मी नुसती खोकले असते तरी... पण दारापाशी पर्यवेक्षक उभे होते. वाटलं, पुढच्या टेबलावर त्याच्या लक्षात येईल. मग वाटलं, त्याच्या पुढच्या टेबलावर. घंटा होत राहिली.

त्याच्या लक्षात आलं ते थेट चाळिसाव्या टेबलावर. शेवटच्या मिनिटात त्याने बाण काढले, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटची घंटा झाली तरी त्याची पेन्सिल चालूच होती.

सोमवारी डॉ. लिंडक्विस्ट वर्गात आल्या. आमच्या विषयाच्या त्या प्रमुख. "एका पेपरात उत्तरं एका ओळीने सरकलेली दिसतात," त्या म्हणाल्या. "पण खाडाखोड इतकी आहे, की घंटेआधी काय लिहिलं आणि नंतर काय, ते मला ठरवता येत नाही. सतराव्या खुर्चीजवळ कोणी काही पाहिलं असेल, तर गुरुवारी चारपर्यंत मला लेखी द्या."

आर्व्होने मागे वळून पाहिलं नाही.

सोमवारी रात्री मी पत्र लिहिलं. मंगळवारी फाडलं. पाहिलं असं लिहायचं म्हणजे दुसऱ्याचा पेपर पाहिला असं लिहायचं! बुधवारी आईचा फोन आला. ती म्हणाली, शेजारणीने तिचं गुडघ्याचं दुखणं तुझ्यासाठी राखून ठेवलंय. मी हसले, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ न्हाणीघरात बसून राहिले. गुरुवारी चार वाजता मी ग्रंथालयाच्या तळघरात होते.

शुक्रवारी सकाळी आठला मी डॉ. लिंडक्विस्टांच्या दारात उभी होते.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला. "हे काल हवं होतं. परीक्षा समितीने त्याचा नापासाचा निकाल काल संध्याकाळी कायम केला."

"आणि मी? मी पेपर पाहिला..."

"तुम्हाला लेखी ताकीद मिळेल."

"एवढंच?"

"स्वतःहून आलात ना," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कठोर नव्हता, आणि तेच सहन होईना.

आर्व्हो वसतिगृहामागे गाडीत सामान भरत होता. बारीक बर्फ पडत होता.

"मी पाहिलं होतं," मी म्हणाले.

"माहीत आहे. खुर्चीवर तूच होतीस."

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं, तर तू खरं सांगितलं असतंस. तुझं काही झालं असतं तर ते माझ्यामुळे." त्याने एक खोकं आत सरकवलं. "पण तू आपणहून जाशील, असं वाटायचं. जाऊ नये, असंही वाटायचं. तीन दिवस दोन्ही."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर, आर्व्हो."

"माझंही आहे." हे त्याने इतकं साधेपणाने सांगितलं, की मला वाटलं... क्षणभर मला काहीही शक्य वाटलं.

"पुन्हा अर्ज कर. पुढच्या वर्षी—"

"करीन. पण दुसरीकडे." त्याने माझ्या टोपीवरचा बर्फ झटकला, अगदी हलक्या हाताने. "इथे आलो तर तुझ्याकडे बघताना दर वेळी मी गुरुवारची वाट बघत बसेन."

मी मान खाली घातली. "आज सकाळी मी डॉ. लिंडक्विस्टांना सांगून आले."

"आणि तुझं काय झालं? काढलं तर नाही ना?"

"ताकीद," मी म्हणाले. "फक्त ताकीद."

त्याने डिकी बंद केली. मग त्याने गाडीचं दार उघडलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "मला तुझीच काळजी होती."