५८८२३५३चा ताळा

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. भंडाऱ्यात खासगी तपासनीस एकच, सुगत रामटेके. त्याचा सोबती खुशाल धावपळीला पुढे, डोकं चालवायला मात्र सावकाश.

त्या सकाळी आंधळगावहून मालनबाई आल्या. "माह्या पोरीले चोर ठरवलं, भाऊ. नागपूरच्या गणित स्पर्धेतून तिचं नाव काटून राहिले."

त्यांच्या तृप्तीनं एक नामी संख्या शोधली होती: ५८८२३५३. तिचे ५८८ आणि २३५३ असे दोन तुकडे करायचे, दोन्हींचे वर्ग मिळवायचे, की पुन्हा तीच संख्या हजर. पण शाळेतल्या सरावात वर्गमित्र भूपेंद्रच्या फळ्यावरही तीच निघाली. पोरगा बोलण्यात खणखणीत, त्यामुळे सगळ्यांना त्याचंच पटलं.

सुगत थेट शाळेत गेला. शेजारी शेजारी ठेवलेले दोन्ही फळे अजून पुसले नव्हते.

परसराम गुरुजींनी सांगितलं की दोघं एकाच वेळी लिहीत होती, आणि दोघांचा ताळा त्यांनी स्वतः पाहिला होता. अंकांची बेरीज करत एका अंकावर आणायची, दोन्ही बाजू जुळल्या की गणित बरोबर. त्या शाळेत पोरं याच ताळ्यावर वाढली होती.

तृप्ती म्हणाली, घरी पाटीवर सोडवलं आणि पुसून टाकलं. म्हणजे पुरावा नाही. खुशालला तिची कीव आली.

"अन् तू कुठं सोडवलं?" सुगतनं भूपेंद्रला विचारलं.

"कागद-पाटी कायले पाहिजे? फळ्यावरच गुणाकार केलो, फळ्यावरच बेरीज केलो. एकेक ओळीचा ताळा पायलो."

त्याच्या फळ्यावर ठळक अक्षरांत होतं:

५८८ × ५८८ = ३४५७४४
२३५३ × २३५३ = ५५६३६०९
बेरीज = ५८८२३५३

खुशालनं ताळा पाहिला. चोख जुळला. पोरगा खरा, असं त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं.

सुगतनं सगळ्यांना फळ्यासमोर बोलावलं. "खुशाल, ताळा राहू दे. बेरीज कर."

खुशालनं केली, पुन्हा केली. "एकोणसाठ लाख नऊ हजार तीनशे त्रेपन्न. हे तं जमतच नाही."

"कसं जमेल? खरा वर्ग ५५३६६०९ आहे, तृप्तीच्या फळ्यावर पाहा. यानं तीन आणि सहा उलटे लिहिले. अंक तेच, म्हणून ताळ्याला चूक कळत नाही. उतरवताना अशी चूक कोणाचीही होते. पण हा म्हणतो, बेरीज इथंच केली. मग चुकीच्या वर्गातून बरोबर उत्तर आलं कुठून? शेजारच्या फळ्यावरून."

भूपेंद्रचा चेहरा उतरला, पण हेका सुटेना. "तिनंही कुठून उचललं असंल."

तृप्तीनं खडू घेतला. "दहा हजारातून ५८८ काढले की ९४१२ राहते. हा त्याचा जोडीदार." आणि तिनं लिहिलं: ९४१२२३५३.

गुरुजींनी ९४१२चा वर्ग केला, २३५३चा मिळवला. बेरीज तंतोतंत ९४१२२३५३ आली. त्यांना मनापासून लाज वाटली.

"पोरीची बॅग भरा, मालनबाई," ते म्हणाले. "नागपूरले तृप्तीच जाते."