झोकांड्याची चाल

“थांबव! तिथंच थांबव!” ठसका ओरडली.

शंकासुरानं पडद्यावर बोट दाबलं. पडक्या भिंतीशेजारी राखेच्या रंगाचा एक अवाढव्य ड्रॅगन एक पाय उचलून तसाच उभा राहिला.

“आता कॅमेरा माझ्यावर धर. आणि भोंग्या, तू हसायला तयार राहा. आत्ता नाही रे! मी बोलल्यावर!”

सुट्टी लागली होती. ठसका आणि तिचा धाकटा भाऊ भोंगा आत्याकडे राहायला आले होते, आणि शंकासुर हा आत्याचा मुलगा. ही नावं घरच्यांनीच पाडलेली. ठसकाचं बोलणं ऐकून समोरच्याला ठसका लागे, भोंग्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं आणि शंकासुराला चार शंका काढल्याशिवाय जेवण पचत नसे.

आत्या ज्या कंपनीत कामाला होती, ती ‘काजळदरीचे राखणदार’ नावाचा गेम बनवत होती. आपण तिरंदाज व्हायचं, नाहीतर वैदू, नाहीतर चोर, आणि त्या जादूच्या मुलखात आपली गोष्ट आपणच घडवायची! गेम यायला अजून बराच अवकाश होता. पण त्याची झलक नुकतीच बाहेर पडली होती. “खेळाडूंनो, तुमचं मत व्हिडिओ करून पाठवा!” असं कंपनीनंच जाहीर केलं होतं. आत्या त्या गेममध्ये नेमकं काय करते, हे मात्र तिच्या पोटच्या पोरालाही माहीत नव्हतं. गेम बाजारात येईपर्यंत घरीसुद्धा अवाक्षर काढायचं नाही, असा कंपनीचा कडक नियम होता.

आता खरं सांगायचं, तर ती झलक पहिल्यांदा बघताना ठसकाला घाम फुटला होता. चालता चालता ड्रॅगन थबकतो, मान तिरकी करतो आणि तिरंदाज जिच्याआड लपलाय त्या भिंतीकडे सावकाश तोंड वळवतो. तिथं तिच्या हातावर सर्रकन काटा आला होता. पण तेवढ्यात भोंगा खो खो हसला. “कसा झोकांड्या खातोय बघ!” झालं! ठसकानं तो हात पाठीमागे घेतला. धाकट्या भावासमोर घाबरायचं म्हणजे काय! त्याच्यापेक्षा मोठ्यानं हसणं सोपं होतं.

“तयार?” शंकासुरानं विचारलं.

“मित्रहो!” ठसका सुरू झाली. “हा पाहा काजळदरीचा महाभयंकर राखणदार! आणि पाहा त्याची ऐट! पाय टाकू की नको? टाकू की नको? अरे, कुणीतरी बिचाऱ्याला चष्मा आणून द्या हो! याचं नाव आजपासून झोकांड्या!”

भोंगा एवढ्या जोरात हसला की शंकासुराच्या हातातला फोन हलला.

बघता बघता तो व्हिडिओ सगळीकडे पोचला. कंपनीच्या मतांच्या पानावर तर तो सगळ्यात वर झळकला. त्याच्याखाली शेकडो लोकांनी लिहिलं, “अगदी खरं!” कुणी डोक्यावर पातेलं घालून झोकांड्याची नक्कल केली, कुणी त्याला नाचायला लावलं. कंपनीच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या काकांचा खास फोन आला. हे काका प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘झकास’ म्हणत, म्हणून मुलांनी त्यांना झकासकाकाच करून टाकलं.

“काय बोलतेस गं पोरी! झकास! आमच्या पैशाच्या जाहिरातीनं झालं नसतं ते तू केलंस! कधीही ऑफिसात या, झकास!”

ठसका भाव खात गल्लीभर हिंडली. घरी आत्या मात्र गप्प गप्प झाली होती. तिनं व्हिडिओ पाहिल्याचं सांगितलं, “छान बोलतेस हं,” एवढंच म्हणाली आणि पानातलं तसंच टाकून उठली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. तिघं त्या वेळी लाइक मोजत बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं सायकली लावून घरात शिरली आणि दारातच खिळली. समोरच्या लांब बोळकांडीत आत्या उभी होती. डोळे घट्ट मिटलेले, एक पाय अधांतरी. तिनं तो पाय पुढे नेला, जमिनीला जेमतेम टेकवला, परत उचलला. स्वयंपाकघरात नळ ठिबकला. आत्या थबकली. मान तिरकी झाली. मग तिनं सावकाश नळाकडे तोंड वळवलं.

“आईला चक्कर येतेय का?” शंकासुर कुजबुजला.

भोंगा आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला. “ताई... झोकांड्या!”

ठसकाचा चेहरा खर्रकन उतरला. तीच चाल! तोच पाय, तीच मान!

इतक्यात फोन वाजला. मुलं चपलांच्या कपाटाआड सरकली.

“हो, कळलं मला,” आत्या फोनवर बोलत होती. “उद्याच्या बैठकीत त्याला काढणार आणि तयार ड्रॅगन विकत आणून बसवणार... नाही, मी भांडणार नाही. दोन वर्षं मी त्याला चालायला शिकवलं, तेच चुकलं असणार. आत्ताही पुन्हा चालून बघत होते... छे हो, मुलांना कशाला बोल लावायचा? मुलं खोटं बोलत नाहीत. त्यांना हसू आलं ना, मग ते हसण्यासारखंच असणार.”

कपाटाआड कुणी कुणाकडे बघेना. ठसकाचे कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. मुलं खोटं बोलत नाहीत म्हणे!

गच्चीवर गेल्यावर शंकासुर पाठ फिरवून उभा राहिला. “माझी आई आहे ती,” तो घुसमटून म्हणाला. “आणि कॅमेरा मीच धरला होता.”

“चला, आत्ताच्या आत्ता माफी मागू!” भोंगा आपल्या नेहमीच्या आवाजात गरजला.

“मागायचीच आहे. पण माफीनं ड्रॅगन वाचणार आहे का?” ठसका म्हणाली. हातावर आलेल्या काट्याबद्दल ती आताही बोलली नाही. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण या दोघांना काय वाटेल, या विचारानं तिनं ते गिळले. त्याची तिला आणखीच लाज वाटली.

शंकासुरानं डोळे पुसले. “मला एक शंका आहे. आई चालत होती, ते ठीक. पण डोळे मिटून का?”

ठसकानं डोळे मिटले आणि एक पाय चाचपत पुढे टाकला.

“तो आंधळा आहे!” ठसका किंचाळली. “झोकांड्या आंधळा आहे! म्हणून तो पाय चाचपत टाकतो! आणि मी, मी म्हणाले, त्याला चष्मा...”

त्यांनी झलक पुन्हा लावली. या वेळी कुणी हसलं नाही.

“हे बघ, इथं त्याचा कान हलला,” शंकासुर म्हणाला. “कशामुळं? इथं तो थबकला. कशामुळं? नुसते नगारे तर वाजतायत!”

खरंच, झलकेत पहिल्यापासून शेवटपर्यंत ढणढणाट चालला होता.

“आंधळा ड्रॅगन आवाजावर शिकार करणार,” ठसका सावकाश म्हणाली. “आणि त्याला जे ऐकू येतंय, ते आपल्याला ऐकूच येत नाहीये! आत्या असं करणार नाही. ते आवाज कुठं गेले? चला, झकासकाकांनी बोलावलंयच!”

सकाळी तिघं कंपनीत हजर झाली. झकासकाका एका कानाला फोन लावून फिरत होते; त्यांनी मुलांना हातानंच ‘आत जा’ म्हटलं. ओळीनं टेबलं, त्यांच्यावर चिकणमातीचे राक्षस, भिंतींवर किल्ल्यांची चित्रं! एरवी मुलांनी तिथंच तळ ठोकला असता. पण एका बंद दारामागून चमत्कारिक घरघर ऐकू आली आणि शंकासुरानं दार ढकललं.

आत एक ताई ओल्या वाळूच्या ट्रेमध्ये चामड्याची जुनी पिशवी फरफटत होती. समोर मायक्रोफोन होता.

“ताई, तुम्ही आवाज बनवता?” भोंग्यानं विचारलं.

“बापरे! माझ्या आवाज मोजायच्या यंत्राचा काटा पार टोकाला गेला!” ताईनं हेडफोन काढले. “हो, मीच. चालण्याचा, श्वासाचा, सगळा.”

“ड्रॅगनचासुद्धा?”

“म्हणजे काय! महिनाभर खपले त्याच्यासाठी. झलकेत ऐकला नाहीत?”

ठसकानं फोन पुढे केला. ढणढणाट सुरू झाला, तसा ताईचा चेहरा लालबुंद झाला. “हे काय? माझा सगळा आवाज उडवलाय! मी पुढच्या कामात होते, बाहेर काय गेलं ते बघितलंच नाही. ड्रॅगनला चालायला शिकवणारीनं तरी बघायला हवं होतं.”

“ती माझी आई. आपलं काम बाहेर गेलं की ती कधीच बघत नाही,” शंकासुर म्हणाला. “धीर होत नाही तिला. तिनं फक्त आमचा व्हिडिओ पाहिलाय, आणि त्यात आम्हीच हसतोय.” ठसका पुढे सरकली. “ताई, तुमचा आवाज घालून झलक पुन्हा दाखवता येईल? बैठकीच्या आधी?”

“मला येईल. पण मोठ्या बाई अशा कुणाला मध्ये घुसू देणार नाहीत.”

“ते माझ्यावर सोडा!” ठसका म्हणाली आणि थेट झकासकाकांकडे गेली.

“काका, दुसरा व्हिडिओ करायचाय. पहिल्यापेक्षा धमाल! तुमच्या कंपनीची मोठी माणसं झोकांड्याला बघतायत आणि आम्ही त्यांचे चेहरे टिपतोय! फक्त बैठकीच्या खोलीत, मोठ्या पडद्यावर. आणि अंधार हवा.”

“मोठ्या बाईंचा चेहरा!” काकांचे डोळे चमकले. “लाखो लोक बघतील! झकास! पाच मिनिटं मिळवतो!”

मोठ्या बाई, म्हणजे कंपनीच्या मालकीणबाई, चहाचा कप घेऊनच येऊन बसल्या. बाकीची मंडळी भिंतीकडेनं बसली. आत्या सगळ्यात मागे, हातावर हात ठेवून. मुलांना तिथं बघून तिनं मान फिरवली. दिवे गेले.

नगारे वाजलेच नाहीत. आधी नुसती शांतता. मग दूर कुठं तरी पाण्याचा थेंब पडला. मग श्वास; लांब, जड, अगदी पाठीशी कुणी उभं असावं तसा. वाळू दबली. पाय उचलला गेला. चाचपत पुढे आला. भिंतीआडच्या तिरंदाजानं अंग चोरलं आणि त्याच्या पट्ट्याची कडी किंचित वाजली. कान हलला. श्वास एकदम थांबला.

नेमका त्याच वेळी मोठ्या बाईंच्या कपात चमचा किणकिणला.

आणि ड्रॅगननं मान तिरकी करून तोंड वळवलं!

“अगं आई गं!” मोठ्या बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. चहा झकासकाकांच्या शर्टावर. कुणी हसलं नाही. दिवे लागेपर्यंत कुणी हललंसुद्धा नाही.

“हे... हे मी पाहिलं नव्हतं,” बाई शेवटी म्हणाल्या.

“कारण हे बाहेर गेलंच नाही,” आवाजवाली ताई म्हणाली.

सगळ्यांच्या माना झकासकाकांकडे वळल्या. “शांतता असली की लोक कंटाळतात!” ते शर्ट पुसत पुटपुटले. “म्हणून जरा ठेका टाकला... बाई, मंजुरी तर तुम्हीच दिलीत!”

बाईंचा चेहरा पडला. “मी गाडीत पाहिली होती,” त्या म्हणाल्या. “आवाज बंद करून.” मग त्या उठून आत्याजवळ गेल्या. “तुमचा ड्रॅगन कुठंही जाणार नाही. झलक उद्या नीट बाहेर पडेल. आणि चूक आमची होती, हेही आम्ही लिहू.” मुलांकडे वळून त्या म्हणाल्या, “शाबास! जे आम्हाला इतक्या जणांना कळलं नाही, ते तुम्ही शोधलंत! गेमच्या शेवटी तुमची तिघांची नावं येतील!”

टाळ्या वाजल्या. भोंग्याची छाती फुगली. शंकासुर धावत जाऊन आईला बिलगला, “आई, चुकलं गं आमचं!” आणि तिनं त्याचे केस विसकटले. ठसका मात्र जागेवरून हलली नाही. एकेक टाळी तिला थपडेसारखी लागत होती.

“माझं नाव नको,” ती म्हणाली.

“का गं?” बाईंनी विचारलं.

“आत्या, मला भीती वाटली होती.”

“वाटणारच की,” आत्या हसली. “आत्ता सगळ्यांनाच वाटली.”

“आत्ता नाही. पहिल्या दिवशी.” ठसका म्हणाली. “तुझा ड्रॅगन पहिल्यांदा बघितला तेव्हाच मी घाबरले होते. पण भोंगा हसला, म्हणून मीही हसले. मग मला तेच बरं वाटलं. सगळे ‘अगदी खरं’ लिहीत होते आणि ते खरं नव्हतंच. तू फोनवर म्हणालीस, मुलं खोटं बोलत नाहीत. आम्ही ऐकत होतो. आत्या, मी बोलले खोटं.”

भोंग्यानं मान खाली घातली. ठसका वाट बघत होती, आता आत्या रागावेल, निदान तोंड तरी फिरवेल. तसं झालं असतं तर तिला हलकं वाटलं असतं.

पण आत्या दोन पावलं पुढे आली. “पहिल्या दिवशी?” तिनं विचारलं. “म्हणजे ते नगारे वाजत असताना?”

“हो.”

“आणि तरी भीती वाटली? कुठं? नेमकं कुठं?”

“तो पाय उचलून थबकतो ना, तिथं. मग मान तिरकी करतो.” ठसकाला रडू फुटलं होतं. “मला वाटलं, तो बघत नाहीये, पण त्याला कळलंय. माझ्या हातावर काटा आला.”

आत्यानं हात मागे करून खुर्ची चाचपली आणि ती खाली बसली. तिचे डोळे भरून आले होते आणि चेहरा मात्र इतका खुलला होता की ठसकाला त्याच्याकडे बघवेना. दोन वर्षं आत्या एवढंच कुणाकडून तरी ऐकायला थांबली होती, आणि ते पहिल्या दिवसापासून तिच्याच घरात, तिच्याच पंगतीला जेवत होतं.

“पुन्हा सांग ना,” आत्या म्हणाली.

ठसकानं मान खाली घालून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.