लेण्यांतून आलेले पाहुणे

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शाळेशी माझं फार काळ जमलं नाही, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. गोष्ट आमच्या थोरल्या दादाची.

दादा घरं रंगवतो. लग्न झाल्यावर त्याने स्वतःची खोली जीव ओतून रंगवली. भिंतीला कुणी बोट लावलं तरी अंगावर धावून जायचा. एका सुट्टीला तो वहिनीला जुनी लेणी दाखवायला घेऊन गेला आणि तिथे त्याच्या अंगात मस्ती आली. आवाज घुमतो का ते पाहायला आरोळ्या ठोकल्या. राखणदाराची पाठ वळताच किल्लीने भिंतीवर दोघांची नावं कोरली. वहिनी खूश होईल असं त्याला वाटलं होतं. ती परतीच्या वाटेवर त्याच्या चार पावलं पुढेच चालत राहिली.

दिवेलागणीला दोघं खोलीत चहा पीत बसले होते. आधी वास आला... ओल्या दगडाचा, वटवाघळांचा. मग दाराशी अनवाणी पावलं वाजली, बरीच. दिसत कुणीच नव्हतं. पलंग करकरत दबला. कपाट उघडलं, मिटलं. कुणीतरी छताकडे तोंड करून हाळी दिली आणि ती घुमली नाही म्हणून बाकीच्यांनी हिरमुसून उसासे टाकले. मग भिंतीवर खर्र... खर्र... रंगाचा भुगा पडू लागला आणि कुठल्याशा अनोळखी लिपीतली अक्षरं उमटली.

दादा वहिनीच्या मागे सरकला. "तू सांग ना त्यांना..." तो कसाबसा पुटपुटला.

"पाहुणे तुमचे," वहिनी म्हणाली. "आणि शिकलेतही तुमच्याकडूनच." हे थांबलं नाही तर सकाळी माहेरी जाते, असंही तिने शांतपणे सांगून टाकलं.

दादाने भिंतीपुढे हात जोडले. "चुकलो... उद्या येऊन कबूल करतो."

खरखर थांबली. पावलं बाहेर गेल्याचं मात्र ऐकू आलं नाही.

सकाळी तो पुट्टीचा डबा घेऊन एकटाच लेण्यांवर गेला. राखणदाराने सगळं ऐकून त्याला आधी मनसोक्त झापलं, मग डबा काढून घेतला. बुजवायला गेलास तर आणखी वाटोळं करशील, ते जाणकारांचं काम. तू दारात उभा राहून लोकांना समजाव, म्हणाला. दादा उभा राहिला. भिंतीला हात नको, आवाज जरा हळू, असं येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगू लागला.

राखणदाराचा राग निवळला. "तुझ्याबरोबर आलेली मंडळी मात्र वळणाची दिसतात हं. तू सांगेपर्यंत कशी गप उभी आहेत."

दादाने मागे वळून पाहिलं नाही. तो दारातून जरासा बाजूला सरकला, आणि त्यांना आत जायला वाट दिली.