तिचे ओठ ‘थांब’ म्हणत होते

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण यात माझ्या पदरचं काही नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय हे.

साल १९७८. ऑगस्टमधल्या मोठ्या सणाची आदली दुपार. सगळं रोम समुद्रावर गेलेलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

नीवेसमावशी मूळची नाटकातली नटी. पण तेव्हा ती एका तळघरातल्या स्टुडिओत डबिंग करायची.

तसल्या सिनेमांचं...

हे सिनेमे मुकेच शूट व्हायचे. पडद्यावरच्या बाईचं बोलणं, श्वास, कण्हणं, सगळं नंतर माईकसमोर दुसरीच कुणीतरी भरायची. तिचं नाव कुठेच नसायचं. आजीला मावशीने सांगितलं होतं, कार्टूनमधल्या पऱ्यांना आवाज देते म्हणून.

त्या दुपारी तिघंच होते. मावशी, काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा ओरेस्ते आणि काम करून घेणारे तुल्लियोसाहेब. रेकॉर्डिंगमध्ये आवाज नको म्हणून पंखा बंद.

पडद्यावर तिशीतली एक सडपातळ बाई. तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिला प्रसंग नीट झाला.

दुसऱ्या प्रसंगात ओरेस्तेने मशीन थांबवलं. म्हणाला, “नीवेस, तुझ्याबरोबर अजून कोण श्वास घेतंय?”

तुल्लियोसाहेब तर पार दाराशी सिगारेट ओढत होते.

ओरेस्तेने टेप परत लावली. मावशीच्या श्वासाखाली दुसरा एक श्वास होता. तुटका... तोंडावर कुणी हात दाबून धरल्यासारखा.

मावशीने मग पडद्याकडे नीट बघितलं. तिच्या हातातल्या कागदावर वाक्य होतं, “थांबू नकोस.”

पडद्यावरच्या बाईचे ओठ म्हणत होते...

“थांब.”

मावशीने ते तुल्लियोसाहेबांना सांगितलं. ते हसले. “नीवेसबाई, हा सिनेमा बघायला येणारे ओठ बघत नाहीत. चला, पुन्हा.”

दिवा लाल झाला. मावशीने तोंड उघडलं. ती अजून काही बोललीही नव्हती.

पण हेडफोनमध्ये आवाज आला. “थांब.”

उत्तरेकडच्या कोळ्यांच्या हेलात. मावशी रोममध्येच जन्मलेली, वाढलेली.

ओरेस्तेने घाईघाईने माईकची वायर उपसली. प्रोजेक्टर बंद केला. पडदा काळा झाला.

श्वास चालूच होता...

मग तोही थांबला. मावशी म्हणते, तो थांबला तेव्हा खरी भीती वाटली.

तिने कागद खाली ठेवला. मी हे वाक्य म्हणणार नाही, असं सांगून निघाली. तुल्लियोसाहेबांनी तिला पुन्हा कधी काम दिलं नाही. ती पोलीस चौकीतही जाऊन आली. तिथे ते एकमेकांकडे बघून हसले, बस.

दुसऱ्या कुणाचा तरी आवाज घालून सिनेमा पुरा झाला. हिवाळ्यात स्टेशनजवळच्या टॉकीजला लागला. मावशी दुपारच्या खेळाला एकटीच गेली. तिला फक्त ते ओठ परत बघायचे होते. अंधारात दूर दूर बसलेले पुरुष, कुणी कुणाकडे न बघणारे.

तो प्रसंग आला. पडद्यावरून लाडिक आवाज आला, “थांबू नकोस.”

आणि मावशीचं तोंड आपोआप उघडलं...

“थांब.”

सगळं थिएटर घुमलं. तोच हेल. तोच आवाज. तिच्या स्वतःच्या गळ्यातून.

पुरुष एकेक करून उठले. थिएटर रिकामं झालं.

एक जण मात्र बसून होता. पुढच्या रांगेतला, जाडजूड, कोळ्यासारख्या राकट हातांचा माणूस. तो टोपी हातात घेऊन मावशीजवळ आला. तो किओज्जाहून, उत्तरेकडच्या कोळ्यांच्या बंदरातून आला होता. पडद्यावरची बाई त्याची बहीण होती. शूटिंगला म्हणून गेली, ती परतलीच नाही. सिनेमा ज्या गावात लागेल तिथे तो जायचा. मान खाली घालून बसायचा. तिचा नुसता चेहरा दिसला की तेवढ्यापुरता वर बघायचा.

तो म्हणाला, “इतके दिवस आवाज दुसरीचाच होता. आज तिचा आला.”

मग तो आणखी जवळ सरकला.

“बाई, अजून एकदा बोला ना. काहीही बोला.”

मावशीने प्रयत्न केला. पुन्हा पुन्हा केला. पण तिचा स्वतःचाच आवाज निघत होता. तो माणूस ऐकत उभा राहिला. मग टोपी घालून निघून गेला.

जाताना त्याने बहिणीचं नाव सांगितलं होतं.

मावशी आता ऐंशीच्या पुढे आहे. हे सगळं ती सांगते, पण ते नाव सांगत नाही. एकदा मी फारच मागे लागलो. तिने माझ्याकडे बघितलं, सांगायला म्हणून तोंड उघडलं...

मीच तिच्या तोंडावर हात ठेवला.

नाव ऐकायची मला भीती नव्हती. ते कुणाच्या आवाजात ऐकू येईल, याची होती.