पाटीवरून गाळलेली ओळ

हिरवं बटण, तपकिरी कोटाला. तपकिरी मिळालं नाही म्हणून मीच ते शिवलं होतं.

सकाळी छपाईचे शिशाचे खिळे बर्फासारखे गार लागतात.

डच स्वयंपाकघरांची चित्रं, जुन्या चिनी कविता, आजीचं प्रार्थनागीतांचं पुस्तक. "कविता कुणाकडून शिकलीस?" असं विचारलं की मॅरेन कोल्बी एवढंच सांगायची. चित्रकार रॉयल टेफ्टचं नाव तिनं कधी घेतलं नाही.

एक पांढरी भिंत. भिंतीवर पाटी: "टेफ्ट यांच्या चित्रावरून मॅरेन कोल्बी यांना स्फुरलेली कविता."

ती पाटी मी प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी वाचली आणि माझं डोकं फिरलं.

आमच्या गावचं संग्रहालय नदीकाठच्या जुन्या कापडगिरणीत आहे. पाहुण्यांसमोर मॅरेनची कविता छापून दाखवायची म्हणून त्यांनी मला छपाईच्या हातयंत्रासकट बोलावलं होतं. तरुणपणी जुळवलेले त्या कवितेचे खिळे मी कधी मोडले नव्हते. दोऱ्यानं बांधलेली ती जुळणी तशीच घेऊन आले होते.

"ऑल्डन, ही पाटी काढ."

प्रदर्शन त्यानं मांडलं होतं. शिकलेला, नम्र मुलगा. नम्रतेचाच राग येतो कधीकधी.

"मिसेस रूड, चित्राच्या मागे टेफ्टनं स्वतः तारीख घातलीय. कवितेच्या आधीची."

"टेफ्ट कॅनव्हासच्या दोन्ही बाजूंनी खोटं बोलायचा. कविता छापली मी. पहिल्या कागदावरची शाई ओली असतानाच टेफ्ट तो उचलून घेऊन गेला. चित्र त्यानंतरचं."

"तुमच्या आठवणीवर मला प्रदर्शन नाही लावता येत."

"आणि त्याच्या तारखेवर येतं?"

तो हसला. म्हाताऱ्या बायकांकडे बघून हसतात तसं.

पाटीखाली कविता होती. त्यातली एक ओळ नव्हती: *टेबलाखाली पिवळं कुत्रं, कुणाचंच नाही.*

"जागा कमी पडली," ऑल्डन म्हणाला. "एका ओळीनं काय होतंय?"

मी चित्राकडे पाहिलं. निळं टेबल, रिकामी खुर्ची, खिडकीतला दिवा. टेबलाखाली नुसती फरशी.

"कुत्रं कुठंय?"

"कुठलं कुत्रं?"

त्यानं प्रदर्शनाचं पुस्तक पुढे केलं. मुखपृष्ठावर हेच चित्र. त्यातही कुत्रं नव्हतं. मी मात्र त्या कुत्र्याला निम्मं आयुष्य ओळखत होते.

मी यंत्राकडे वळले. जुळणीवर शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवला, दांडा ओढला. सगळ्या ओळी उठल्या, कुत्र्याचीही.

मान वर केली. टेबलाखाली पिवळं कुत्रं पंजांवर तोंड टेकून पडलं होतं.

ऑल्डननं हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. मुखपृष्ठावरही ते होतं. त्यानं पुस्तक सावकाश उलटं करून ठेवलं.

"यानं तारखेचं काही सिद्ध होत नाही," तो म्हणाला. 

माझा संताप तेव्हा हातांत उतरला. मी दोरा सोडला आणि चिमट्यानं एक ओळ उचलली: *दिवा जळतोय, म्हणजे कुणीतरी परत यायचंय.* उरलेल्यावर दांडा ओढला.

चित्रातलं स्वयंपाकघर अंधारलं. खिडकी काळी पडली.

"ठेवा ती परत."

"आधी पाटी."

"मिसेस रूड, प्लीज."

"आधी पाटी, ऑल्डन."

त्यानं नखांनी पाटी सोलून काढली. मागच्या बाजूला पेननं लिहिलं: *कविता आधी. चित्र तिच्यावरून.* आणि भिंतीवर चिकटवली.

मी ओळ जागेवर बसवली. दोरा आवळला. छापलं.

दिवा लागला.

कुत्रं उठून उभं होतं. दाराकडे बघत.

खुर्ची रिकामी नव्हती. तिच्या पाठीवर तपकिरी कोट टाकलेला होता, घरात शिरल्या शिरल्या टाकतात तसा.

मी कविता पुन्हा वाचली. बोटानं, खिळ्यांवरून. कोट कुठल्याच ओळीत नव्हता.

"हा कोट?"

"तो पहिल्यापासूनच आहे," ऑल्डन म्हणाला.

कोटाचं दुसरं बटण हिरवं होतं. खांद्यांवर ओली माती.

मार्चमध्ये मॅरेनला पुरलं, तेव्हा तिच्या अंगात तोच कोट होता.