तीन गोळ्या एका दमात

बायपासच्या चौथ्या दिवशी माझा गोरक्ष नाशिकच्या दवाखान्यात चोरी करताना सापडला.

चोरी माझ्याच सांगण्यावरून होती, ते कबूल. छाती उघडून शिवली की हे लोक हातात एक खेळणं देतात. तीन नळ्या, त्यात तीन प्लास्टिकच्या गोळ्या. तोंडानं श्वास आत ओढायचा आणि गोळ्या वर न्यायच्या, म्हणजे छातीत कफ साठत नाही. तेही दर तासाला दहा वेळा! माझी एक गोळी जागची हलेना, टाक्यांवर कळ यायची ती वेगळीच. मी म्हटलं, "गोरक्षा, तूच ओढ. त्या नर्सला काय कळतंय?"

दिंडोरीच्या बागेत द्राक्षांचे क्रेट उचलून पोराची छाती ही एवढी झालेली. एका दमात तिन्ही गोळ्या वर भिडल्या... आणि पडदा सरकला.

"वा! पेशंट कोण? तुम्ही का त्या?"

संध्या सिस्टर. सावळी, शेलाटी, नजर अशी की माणूस आपणहून खरं बोलेल. गोरक्ष तोंडातली नळी काढायचंच विसरला.

"ते... चालतंय का बघत होतो."

"चालतंय. तुमची छाती झकास आहे. आता आजींची बघू."

"आजी कोणाला म्हणते गं?" मी फणकारले. "पोराचं लगीन व्हायचंय अजून!"

"हो का?" म्हणाली, आणि गोरक्षाकडे बघितलं. पोराचे कान लाल!

मग माझ्या छातीशी उशी धरून दिली, पाठीला हात लावला. "हळू, मावशी. बशीतला गरम चहा ओढता ना, तसं." एक गोळी उठली. नातू झाल्यासारखी हसली ती पोरगी.

त्या दिवसापासून तिची ड्युटी असली की गोरक्ष इस्त्रीच्या शर्टात हजर.

"बागेत काम नाय का तुला?"

"गडी हायेत की, आई."

बघायचा, हसायचा, पण बोलायचा नाही. कारण मी. दोन वर्षं स्थळं बघत होतो. शेतकरी नको म्हणून चौघींनी नाक मुरडलं, आणि नोकरीवाल्या दोघींना मीच परत पाठवलं. या चतुराबाईची सून लोकांच्या दारात राबायला जाणार नाही, हे भावकीत ठणकावून सांगितलेलं. पोराला ते पाठ होतं.

सहाव्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, पलीकडच्या खाटेवरचे हरसूलचे सहादूबाबा घास घेता घेता कलंडले. मशीन ओरडायला लागलं. संध्या धावत आली, खाटेवर गुडघा टेकून दोन्ही हातांनी त्यांची छाती दाबू लागली, मोठ्यानं आकडे मोजत. डॉक्टर येईपर्यंत थांबली नाही. बाबांनी डोळे उघडले तेव्हा कुठं ती खाटेवरून उतरली. गोरक्षानं पाण्याचा ग्लास पुढे केला. तिनं धरला, पण ह्यानं सोडला नाही... दोघांनी मिळून एकच ग्लास धरला होता. मी डोळे मिटून घेतले. म्हातारीलाही लाज असते.

घरी आल्यावर हा दर आठवड्याला माझी औषधं आणायला नाशिकला. जशी दिंडोरीत दुकानंच नाहीत!

एप्रिलमध्ये तपासणीला गेलो. मी चाकाच्या खुर्चीत मान टाकून, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बसलेले. दोघांना वाटलं, झोपले.

"सिस्टर, एक विचारायचं होतं."

"मावशींच्या पथ्याचं?"

"नाय... माझं. मला तुमच्याशिवाय करमत नाय."

मग ती हळू म्हणाली, "मला तरी कुठं करमतं? पण मी नोकरी सोडणार नाही. उद्या घरचे घरी बस म्हणणार असतील, तर आत्ताच सांगा."

गोरक्षानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिनं ओठ मिटले... आणि जायला वळली.

माझ्या तोंडचा शब्द मोडायची मला सवय नाही. पण पोराची ती पडलेली मान बघवेना.

"थांब गं!" मी ओरडले. "नोकरी सोड म्हणतंय कोण? सहादूबाबाला मग कोणी उठवलं असतं, मी?"

"आई, भावकीला काय सांगशील?" गोरक्ष पुटपुटला.

"भावकीला माझ्याकडं लावून दे. सगळ्यांच्या छातीत काय ना काय हायेच. उद्या हिच्याच दारात येतील."

संध्यानं डोळे पुसले. हसत म्हणाली, "रविवारी सुट्टी आहे मला. वडिलांना घेऊन येते... बाग बघायला."

बाग बघायला म्हणे! एप्रिलची छाटणी झालेली, वेलींवर पान नव्हतं, नुसत्या काड्या. पण आली. वडील माझ्याशी ओसरीवर चहा पीत बसले, आणि ती दोघं त्या उघड्या काड्या दोन तास बघत राहिली.